मुळाक्षरे: तक्त्याच्या क्रमाने की ऋतूंच्या सोबतीने?

घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला मुळाक्षरांची ओळख करून द्यायचे ठरले की पालकांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे: भिंतीवर चित्रांचा तक्ता लावायचा, रोज थोडा वेळ 'अ अननसाचा, आ आईचा' असे म्हणून घ्यायचे, जोडीला पाटीवर गिरवून घ्यायचे आणि 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमाने पोहोचायचे. दुसऱ्या वाटेने जाणारा पालक क्रम बाजूला ठेवतो, बाहेर जो ऋतू चालू असेल त्यातल्या वस्तू, आवाज आणि खेळ हाताशी घेतो आणि त्यांच्या आधाराने अक्षरे जशी येतील तशी येऊ देतो. मी थोरल्या मुलीला पहिल्या पद्धतीने अक्षरे शिकवली आणि धाकटीला दुसऱ्या. दोघीही आज उत्तम वाचतात, त्यामुळे एका पद्धतीने मूल साक्षर होते आणि दुसरीने होत नाही, असा दावा मी करणार नाही. दोन मुलींवरून नियमही काढता येत नाही. तरीही जवळच्या कोणी विचारले तर मी कोणत्या बाजूला झुकतो, आणि का, हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

तिसरी एक वाट आहे, तिचा उल्लेख आधीच करून टाकतो. ती म्हणजे 'ग म भ न'. आपल्याकडे अक्षरलेखनाची सुरुवात अनेकदा या चार अक्षरांनी होते आणि त्यामागचा विचार पक्का आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे आणि डावीकडच्या गाठी-वळणांमध्ये साम्य आहे, त्यामुळे एक बसले की हाताला पुढचे सोपे जाते. लिहिण्यासाठी ही मांडणी मला आजही सर्वांत चांगली वाटते. मात्र जे साम्य हाताला मदत करते तेच डोळ्याला अडचणीचे ठरते. 'म' आणि 'भ' एकाच आठवड्यात शिकलेले मूल ते लिहिते छान, पण वाचताना एकाच्या जागी दुसरे म्हणते. म्हणून ओळख आणि लेखन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, ओळख आधी होऊ द्यावी आणि गिरवण्याची वेळ येईल तेव्हा 'ग म भ न'कडे वळावे, असे माझे मत झाले आहे. पुढचे सारे विवेचन ओळखीपुरते आहे.

तक्त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सगळी अक्षरे एका कागदावर समोर असल्यामुळे काही राहून गेले का, ही चिंता उरत नाही. ही पद्धत आजी-आजोबांना, शेजारच्या ताईला, पाळणाघरातल्या बाईंना, कोणालाही न समजावता ठाऊक असते, त्यामुळे आज एकाने जिथे सोडले तिथून उद्या दुसरा सुरू करू शकतो. तयारी काहीच लागत नाही. आणि आपल्या वर्णमालेचा क्रम हा मुळातच विलक्षण शास्त्रीय आहे: 'क'चा वर्ग कंठाशी सुरू होतो, मग टाळू, मूर्धा (टाळूचा वरचा उंच भाग) आणि दात असे करत 'प'चा वर्ग ओठांवर येऊन थांबतो, आणि प्रत्येक वर्गात अल्पप्राण-महाप्राण (कमी-अधिक श्वासाचे), अघोष-घोष (स्वरतंतू न कंपता आणि कंपून होणारे) आणि शेवटी अनुनासिक (नाकातून येणारे) अशी नेमकी रचना आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही रचना दाखवली तर ते स्वतःच्या तोंडात बोट घालून जीभ कुठे लागते ते तपासत बसते, इतकी ती गंमतीची आहे. शब्दकोश पाहायला, बाराखडी शिकायला, याद्या लावायला क्रम हवाच. प्रश्न एवढाच आहे की तो चौथ्या वर्षी हवा की सातव्या.

तक्त्यातल्या शब्दांविषयी माझी पहिली, थोडी सौम्य तक्रार आहे. ऐरण, एडका, ईडलिंबू, उखळ, यज्ञ, षटकोन, क्षत्रिय ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तक्त्यांवर बसून आहेत. इमारतीत राहणाऱ्या मुलाने ऐरण पाहिलेली नसते आणि एडका म्हणजे काय हे सांगताना पालकांचीच अडचण होते. मग मूल अक्षरासोबत एक अनोळखी चित्र आणि एक अनोळखी शब्द असे तिहेरी ओझे उचलते. वास्तविक ओळखीच्या शब्दाच्या पाठीवर बसून अनोळखी अक्षर यावे ही तक्त्यामागची मूळ कल्पना होती, आणि ती कल्पना अगदी योग्य आहे. पण शब्दच अनोळखी असला की ती उलटी फिरते. नव्या तक्त्यांमध्ये काही शब्द बदललेले दिसतात हे खरे आहे, आणि घरच्या घरी स्वतःची चित्रे चिकटवून हा दोष बराच दूर करता येतो. त्यामुळे केवळ एवढ्यावरून मी तक्ता खाली उतरवला नसता.

माझा निर्णय झाला तो दुसऱ्या एका गोष्टीमुळे. थोरलीला सगळी अक्षरे 'येत' होती. क्रमाने विचारले तर एकही चुकत नसे, पाहुण्यांसमोर ती तालात म्हणूनही दाखवत असे. पण रस्त्यावरच्या पाटीवर एखादे अक्षर दाखवून हे कोणते असे विचारले की तिचे ओठ हलू लागत. 'ध' दाखवला की ती मनातल्या मनात 'त'पासून सुरुवात करी, 'त, थ, द' असे तीन जिने उतरून 'ध'पाशी येई आणि मग मोठ्याने उत्तर देई. उत्तर बरोबर असे, पण ते अक्षराच्या रूपावरून आलेले नसे, त्याच्या घरक्रमांकावरून आलेले असे. ओळ मध्येच तुटली, म्हणजे कोणी हाक मारली किंवा बस सुटली, की अक्षरही हरवे आणि पुन्हा 'त'पासून सुरुवात होई. शब्द वाचायची वेळ आली तेव्हा ही सवय फारच जाचक ठरली. 'बदक' वाचायचे तर 'प'च्या वर्गात एक फेरी, 'त'च्या वर्गात दुसरी आणि 'क' सुदैवाने पहिलाच. तीन अक्षरे ओळखेपर्यंत पहिले कोणते होते ते विसरलेले असे, त्यामुळे ती अक्षरे जोडून शब्द होतो हे तिच्या लक्षात येण्याची संधीच मिळत नसे. पुढे वाचनाचा सराव वाढला तशी ही सवय आपोआप गळून गेली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु त्याआधीचा बराच काळ तिला वाचन म्हणजे पाढे म्हणण्यासारखे काहीतरी वाटत राहिले, आणि चार वर्षांच्या मुलाला पुस्तकाविषयी पहिल्यांदा जे वाटते ते मला फार मोलाचे वाटते.

हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत घडतेच असे नाही. काही मुलांना याद्यांचीच आवड असते, ती क्रम पाठ करतात आणि लगेच तो सोडूनही देतात. पण एकदा माझे लक्ष तिकडे गेल्यावर हा लपलेला ओठांचा जप मला ओळखीच्या अनेक मुलांमध्ये दिसू लागला. त्याला क्रमाची आणखी एक बाजू कारणीभूत असावी. आपल्या वर्णमालेत शेजारी बसलेली अक्षरे कानाला एकमेकांच्या अगदी जवळची असतात, कारण उच्चारस्थानानुसारच ती तिथे बसवलेली आहेत. 'त, थ, द, ध' यांतला फरक लहान मुलाच्या कानाला सूक्ष्म असतो. त्यात 'प-फ', 'भ-म', 'ट-ठ-ड-ढ', 'इ-ई' या शेजाऱ्यांचे चेहरेही सारखे आहेत. ऐकायला सारखी किंवा दिसायला सारखी अक्षरे एकापाठोपाठ शिकवू नयेत, त्यांच्यामध्ये पुरेसा काळ जाऊ द्यावा, हे बालशिक्षणात सामान्यतः मानले जाते. तक्त्याचा क्रम नेमका याच्या उलट चालतो. विद्वानांसाठी जी मांडणी सुंदर, तीच नवशिक्या डोळ्यांसाठी सर्वांत अवघड ठरते.

आता ऋतूंकडे येतो. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिराने. म्हणजे बहुतेक मुलांच्या अक्षरओळखीची सुरुवात पावसाबरोबर होते, आणि अक्षरांच्या दृष्टीने पावसाळ्याइतका उदार ऋतू दुसरा नाही. पाऊस, ढग, गवत, वीज, वारा, थेंब, चिखल, डबके, बेडूक, गोगलगाय, खेकडा, छत्री, होडी, झरा, शेवाळ, नदी: निम्मी व्यंजने दारातच उभी असतात. तक्त्यावरही बहुधा 'ढ ढगाचा'च असतो, हे इथे आवर्जून सांगायला हवे. फरक इतकाच की तक्त्यावरचा ढग क्रमाने जेव्हा येईल तेव्हा येतो, कदाचित मार्चच्या निरभ्र दुपारी. जुलैमध्ये मात्र खिडकीबाहेर ढग असतो, तो गडगडत असतो, मूल त्याला घाबरत किंवा हसत असते, आणि अशा वेळी 'ढ' हा आवाज त्याच्या तोंडून आधीच निघालेला असतो. त्या आवाजाला एक चेहरा आहे एवढेच आपण दाखवायचे.

धाकटीबरोबर आम्ही ओल्या मातीत काडीने 'ढ' आणि 'ग' काढले, त्यांत पाणी साचू दिले, आणि ती दोन तळी झाली. जे अक्षर म्हणायचे त्या तळ्यात पान सोडायचे, एवढाच खेळ. मातीत अक्षर काढताना संपूर्ण हात खांद्यापासून हलतो, आणि चौथ्या वर्षी बोटांपेक्षा खांदा आणि कोपर अधिक तयार असतात. म्हणून पेन्सिलीने जे वळण वाकडे येते ते काडीने मातीत सहज येते. बोटाने अक्षराचा आकार अनुभवण्याची ही कल्पना नवी नाही. 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरे याच हेतूने वापरली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवताना बिया, पाने, शिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. विकत आणलेल्या साधनावाचून अडत नाही हे त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

मात्र ऋतूंच्या पद्धतीत एक अडचण लगेचच समोर येते आणि ती आधी ओळखून ठेवली तर पुष्कळ त्रास वाचतो. पावसाळ्यातले बहुतेक शब्द ऐकायला सोपे पण वाचायला अवघड आहेत. 'पाऊस'मध्ये काना आहे, 'चिखल'मध्ये वेलांटी, 'गोगलगाय'मध्ये काना-मात्रा, आणि 'छत्री'त तर जोडाक्षर. मुलाला 'छ' दाखवण्यासाठी छत्री उत्तम आहे, पण 'छत्री' हा लिहिलेला शब्द त्याच्यापुढे ठेवण्यात काही अर्थ नाही. म्हणून मी शब्दांचे दोन गट मनात वेगळे ठेवले. एक कानासाठी, ज्यांचा फक्त पहिला आवाज पकडायचा. दुसरा डोळ्यांसाठी, ज्यांत काना-मात्रा काहीच नाही: ढग, गवत, सर, वन, दव, ऊन, ऊब, फणस, पळस. हा दुसरा गट लहान आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द एखाद्या ऋतूशी घट्ट बांधलेला आहे, हे मला शोधता शोधता लक्षात आले. 'ढ' आणि 'ग' आले त्याच दिवशी 'ढग' वाचता येतो. सबंध वर्णमाला संपेपर्यंत शब्दासाठी थांबावे लागत नाही, आणि अक्षरे जोडली की त्यातून ओळखीची वस्तू निघते हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते. थोरलीला जी संधी उशिरा मिळाली ती धाकटीला सुरुवातीलाच मिळाली, असे मी म्हणेन.

दुसरी अडचण खेळाची आहे. ऋतूंचे खेळ इतके रंगतात की अक्षर बाजूला पडते. कागदाच्या होड्यांवर अक्षरे लिहून त्या पाण्यात सोडल्या तर मुलाला होडी आठवते, अक्षर आठवत नाही. त्यामुळे एक कसोटी मी स्वतःपुरती ठरवली: अक्षर न ओळखता खेळ पुढे जात असेल तर तो खेळ चांगला असला तरी अक्षरांचा नव्हे. होड्या सोडायच्याच असतील तर मी 'न' म्हटल्यावर 'न'चीच होडी सोडायची, बाकीच्या काठावर थांबतील, असे केले की अक्षराला काम मिळते. आंतरजालावर सुचवल्या जाणाऱ्या अनेक हंगामी उपक्रमांत, रंगकामात आणि कातरकामात, अक्षर केवळ शोभेला असते. 'छ'च्या आकाराची छत्री रंगवताना मूल रंगाचा विचार करते, 'छ'चा नाही. असे उपक्रम करू नयेत असे मी म्हणत नाही, पण त्यांना अक्षरओळख समजू नये.

हिवाळा पावसाळ्याइतका भरगच्च नाही. थंडी, धुके, दव, शेकोटी, गोधडी, कानटोपी, स्वेटर, चांदणे एवढी सामग्री मिळते, आणि कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या मुलाला धुके क्वचितच भेटते, त्यामुळे तिथे 'ध'साठी पावसातला धबधबाच घ्यावा. पण या ऋतूत वाळलेल्या काड्या आणि गळलेली पाने विपुल असतात, आणि काड्यांची अक्षरे मला सर्वांत फलदायी वाटली. देवनागरी अक्षरांचा सांगाडा काड्यांना फार मानवतो: उभा दंड एक काडी, शिरोरेषा दुसरी, आणि वळणाच्या जागी दोऱ्याचा तुकडा किंवा ओली वेल. 'घ' आणि 'ध' यांतला गोंधळ अनेक मुलांना दीर्घकाळ छळतो. 'घ'वर शिरोरेषा सलग जाते, 'ध'वर ती तुटते आणि डावीकडे एक गाठ येते. काड्यांनी जुळवताना 'घ'ला वर एक अखंड काडी पुरते, 'ध'ला ती मोडावी लागते. काडी मोडल्याचा आवाज आणि हाताला बसणारा छोटा झटका यांनी जो फरक ठसतो तो दहा वेळा सांगून ठसत नाही. 'म' आणि 'भ' यांनाही हेच लागू आहे. तक्त्यावर बोट ठेवून हा फरक मी थोरलीला कितीतरी वेळा दाखवला होता. धाकटीला तो दाखवावा लागला नाही, कारण तिने तो हातांनी केला होता.

उन्हाळ्यातला माझा आवडता उपक्रम सर्वांत साधा आहे. एक जुना रंगाचा कुंचला, वाटीभर पाणी आणि उन्हात तापलेली फरशी किंवा भिंत. पाण्याने अक्षर काढायचे आणि ते नाहीसे होण्याआधी म्हणायचे. अक्षर उडून जाते म्हणून मूल स्वतःहून पुन्हा काढते, आणि चुकलेले अक्षरही तसेच उडून जात असल्यामुळे खोडण्याचा, पुसण्याचा किंवा रागावण्याचा प्रश्न येत नाही. पाटीवर तीच अक्षरे पाच वेळा गिरव म्हटले तर कुरकुर होते, फरशीवर ती पंचवीस वेळा आनंदाने काढली जातात. शब्दही चांगले मिळतात: आंबा, कैरी, माठ, घाम, फणस, जांभूळ, सावली, मोगरा, गुलमोहर.

इथे मराठीचा एक खास लाभ सांगायला हवा. आपल्या 'च', 'ज' आणि 'झ' यांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत, पण अक्षर एकच. तक्त्यावर प्रत्येक अक्षराला एकच चित्र असल्यामुळे मुलाला एकच उच्चार मिळतो आणि दुसरा समोर आला की ते अडखळते. ऋतू बदलत जातात तसे दोन्ही उच्चार आपसूक भेटतात: पावसाळ्यातल्या चिखलाचा 'च' वेगळा आणि उन्हाच्या चटक्याचा 'च' वेगळा, आणि दोन्हींचा चेहरा तोच. धाकटीने हे कुरकुर न करता स्वीकारले, कारण तिला दोन शब्दांच्या मधला काळ मिळाला होता.

'ण' आणि 'ळ' यांचेही असेच. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे तक्ता इथे आपला पहिल्या आवाजाचा नियम गुपचूप सोडतो आणि 'बाण', 'बाळ' असे शब्द घेतो. मोठ्यांना हे खटकत नाही, पण नियम मन लावून पाळणारे मूल 'ण'ला 'ब' म्हणू लागते. ऋतूंच्या पद्धतीत आवाज शब्दात कुठेही शोधायचा असतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या फणसाच्या पोटात 'ण' आणि वसंतात फुललेल्या पळसाच्या पोटात 'ळ' सापडतो. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा या तिन्ही नावांच्या शेवटी 'ळा' आहेच, म्हणजे 'ळ' वर्षभर कानावर पडत राहतो. 'ङ' आणि 'ञ' मात्र दोन्ही पद्धतींनी घाईने शिकवू नयेत. आजच्या मराठीत त्यांची गाठ पुढे मुख्यतः अनुस्वाराच्या संदर्भात पडते. 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमालेत समाविष्ट केलेले 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वरसुद्धा मुलाच्या बोलण्यात 'बॅट' आणि 'बॉल' यांमुळे लवकर येतात, त्यांना ऋतूची वाट पाहायला लावण्याचे कारण नाही.

ऋतूंच्या पद्धतीचा खरा दोष विसरण्याचा आहे. ऋतू सरला की त्याचे शब्द बोलण्यातून जातात आणि शब्दांबरोबर अक्षरे झोपी जातात. धुक्यातला 'ध' उन्हाळ्यात फिका पडला आणि मुलगी पुन्हा त्याला 'घ' म्हणू लागली, तेव्हा माझ्या हे लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून आम्ही गेल्या ऋतूतली अक्षरे जाड कागदाच्या तुकड्यांवर लिहून एका पिशवीत ठेवू लागलो, आणि नव्या खेळात दोन-तीन जुनी अक्षरे मिसळू लागलो. पाण्याने अक्षर काढण्याच्या खेळात पिशवीतून तुकडा काढायचा आणि तेच अक्षर फरशीवर उमटवायचे, एवढ्याने काम भागले. तक्ता ही उजळणी न सांगता करून घेतो, कारण तो भिंतीवर असतोच. ही बाजू त्याच्या खात्यात मांडायलाच हवी.

दुसरा दोष मोठ्यांच्या वाट्याचा आहे. कोणती अक्षरे झाली, कोणती राहिली, कोणती एकमेकांपासून दूर ठेवायची, हे कोणीतरी एकाने डोक्यात किंवा वहीत सांभाळावे लागते. मूल दिवसभर तीन वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली असेल तर हा धागा तुटतो. चिखलाचे कपडे धुवावे लागतात. पावसात बाहेर जाऊ न शकणाऱ्या, वारंवार आजारी पडणाऱ्या मुलासाठी ताटातल्या मातीवर किंवा वाळूवर भागवावे लागते, आणि त्यात निम्मी मजा जाते. ज्या घरात दोन्ही पालक अंधार पडल्यावरच परततात, तिथे उन्हातली फरशी हा पर्याय फक्त सुट्टीच्या दिवशी उरतो. अशा घरांना मी तक्ताच सुचवेन. फक्त तो ओळीने म्हणून घेऊ नये. रोज डोळे मिटून बोट ठेवायला सांगावे आणि जिथे पडेल ते अक्षर विचारावे. शक्य असेल तर तक्ता कापून त्याची सुटी अक्षरे करावीत. माझी मुख्य तक्रार ओळीविषयी आहे, कागदाविषयी नाही, आणि ओळ मोडली की त्या तक्रारीचा बराचसा भाग उरत नाही. मोठ्या वर्गात एकाच शिक्षिकेपुढे चाळीस मुले असतील तिथेही हाच मार्ग व्यवहार्य ठरावा.

शाळाप्रवेशाच्या धास्तीने क्रमाकडे वळणारे पालक बरेच असतात, म्हणून थोडे त्याविषयी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा संपूर्ण काळ पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरला आहे. म्हणजे चौथ्या वर्षी सगळी अक्षरे यायलाच हवीत असा आग्रह धोरणात नाही, आणि मूल पुढे आहे की मागे हे पहिल्या दोन पावसाळ्यांवरून ठरवण्याची गरज नाही. धाकटी बालवर्गात गेली तेव्हा तिला क्रम येत नव्हता. शाळेत गाण्याच्या चालीवर तो तिने फार लवकर उचलला, कारण त्यातली बहुतेक अक्षरे तिच्या ओळखीची होती आणि फक्त ती कोणाशेजारी उभी राहतात एवढेच शिकायचे होते. ओळखीच्या माणसांना रांगेत उभे करणे सोपे असते. थोरलीला रांग आधी मिळाली आणि माणसे नंतर भेटली. दोघींच्या अनुभवातला हा फरक मोजून दाखवता येणार नाही, पण घरात रोज पाहणाऱ्याला तो स्पष्ट दिसत होता, आणि आणखी एखादे मूल माझ्या हाताखाली आले तर मी ऋतूंचीच बाजू घेईन.

सुरुवात पावसाळ्यात करणार असाल तर 'ढ', 'ग', 'व', 'त' या चार अक्षरांपासून करावी. त्यांचे आवाज आणि आकार एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत, आणि त्यांतून 'ढग' आणि 'गवत' हे दोन शब्द लगेच वाचता येतात. 'ठ' आणि 'ड' मग हिवाळ्यापर्यंत लांबवावेत, 'ब' तर 'व' पक्का झाल्यावरच आणावा. सुरुवात थंडीत होत असेल तर 'द', 'व', 'ऊ' आणि 'ब' घेण्याचा मोह होईल, कारण 'दव' आणि 'ऊब' हे सुंदर शब्द त्यांतून मिळतात. परंतु 'व' आणि 'ब' केवळ एका तिरक्या रेषेने वेगळे होतात, तेव्हा आधी 'दव' घ्यावा आणि 'ऊब' काही आठवड्यांनी. उन्हाळ्यात 'ऊ', 'न', 'फ', 'ण' आणि 'स' पुरेसे आहेत. 'ऊन' पहिल्या दिवशी आणि 'फणस' प्रत्यक्ष फणस दिसेल त्या दिवशी वाचून घ्यावा. 'प'ला मात्र तोवर थांबवून ठेवावे, कारण 'फ'ची शेपटी मुलाच्या नजरेला अजून सरावलेली नसते.